दोन लांबच्या शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाचा वेळ: स्वतः बरोबर कसं काढायचं

तिकिटावरच्या सुटायच्या आणि पोचायच्या वेळा एकमेकांतून वजा करायच्या आणि म्हणायचं "एवढ्या तासांचा प्रवास", नाहीतर कुठून तरी किलोमीटर शोधायचे, त्याला विमानाचा वेग म्हणून ९०० ने भागायचं आणि आलेलं उत्तर घरच्यांना सांगून टाकायचं. या दोन चुका सतत होतात आणि दोन्हींमध्ये उत्तर तासाने-दोन तासाने नाही, कधी कधी अख्ख्या दिवसाने चुकतं. मग घ्यायला येणारा माणूस चुकीच्या तारखेला एअरपोर्टवर उभा राहतो किंवा पुढची फ्लाइट हातची जाते.

यातलं गणित अवघड नाहीये. क्रम मात्र पाळावा लागतो. आधी एअरपोर्ट, मग अंतर, मग रूट, वेग, वारा, जमिनीवरची मिनिटं, आणि घड्याळ सगळ्यात शेवटी. घड्याळ मध्येच आणलं की सगळं बिघडतं, हे एवढं एक धरून ठेवा. खाली उदाहरण म्हणून मुख्यतः लंडन–न्यूयॉर्क घेतलंय, कारण त्यात जवळजवळ सगळे घोळ एकाच ठिकाणी बघायला मिळतात.

तयारी: हाताशी काय हवं

साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट, दोन्ही एअरपोर्टचे अक्षांश-रेखांश, प्रवासाची नक्की तारीख, आणि त्या तारखेला दोन्ही शहरं यूटीसीच्या (जगभरच्या घड्याळांची सामायिक आधारवेळ) किती पुढे किंवा मागे आहेत तो आकडा. तारीख नसेल तर शेवटची पायरी करूच नका, का ते तिथे आल्यावर कळेल. ज्यांना स्वतः अंतराचं गणित करायचं नाही त्यांनी ग्रेट सर्कल मॅपरसारखं टूल वापरलं तरी चालतं, पण मग पायरी १ नीट करा आणि थेट पायरी ४ वर या.

पायरी १: शहर नाही, एअरपोर्ट ठरवा

"लंडन" म्हणजे हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, सिटी यातलं नक्की कुठलं? टोकियोचं हानेडा की नारिता? नारिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे, हवेतला वेळ त्याने फारसा बदलत नाही, पण उतरल्यानंतरचा बदलतो. तीन अक्षरी कोड लिहून घ्या, हीथ्रोचा एलएचआर, न्यूयॉर्कच्या केनेडी एअरपोर्टचा जेएफके, असे. शहराच्या नावाने सर्च केलं की बरीच टूल्स शहराचा मध्य पकडतात, एअरपोर्ट नाही.

सांभाळा: एकाच नावाची शहरं असतात. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडात नोव्हा स्कोशियामध्येही आहे, सॅन होजे कोस्टा रिकामध्ये आणि कॅलिफोर्नियामध्ये दोन्हीकडे आहे, बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आणि अलाबामामध्ये. अंतर अपेक्षेपेक्षा फारच वेगळं आलं तर आधी देश बघा.

पायरी २: अक्षांश-रेखांश नीट लिहा

निम्म्या चुका इथे होतात म्हणून इथे घाई नको. हीथ्रो ५१ अंश २८ मिनिटं उत्तर असं दिलेलं असतं आणि लोक सरळ ५१.२८ टाकतात. एका अंशात ६० मिनिटं असतात, १०० नाही, म्हणून २८ ला ६० ने भागायचं, ०.४७ येतात, आणि खरा आकडा होतो ५१.४७.

दुसरं म्हणजे चिन्ह. उत्तर आणि पूर्व प्लस, दक्षिण आणि पश्चिम मायनस, हे एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. सिडनीचा ३३.९५ मायनस लावायला विसरलात तर लंडन–सिडनी अंतर १०,१०० किमीच्या आसपास येतं, प्रत्यक्षात ते साधारण १७,०२० किमी आहे. कॅल्क्युलेटर एरर दाखवणार नाही, चुकीचं उत्तर अगदी व्यवस्थित देईल.

आपल्या उदाहरणासाठी: हीथ्रो ५१.४७ आणि मायनस ०.४५, जेएफके ४०.६४ आणि मायनस ७३.७८.

पायरी ३: ग्रेट सर्कलने अंतर काढा

सपाट नकाशावर दोन शहरं सरळ रेषेने जोडली की ती रेषा सर्वात जवळची वाटते, पण लांबच्या प्रवासात बहुतेक वेळा ती नसते. गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग म्हणजे ग्रेट सर्कल. खरा पृथ्वीगोल घेऊन दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला तर दोरा जिथून जातो तो. टोकियो आणि लॉस एंजेलिस दोन्ही साधारण ३४-३५ अंश उत्तरेला आहेत, मग विमान सरळ पूर्वेला का जात नाही? कारण त्या अक्षांशाला धरून गेलं तर ९,३०० किमी पडतात आणि ४७-४८ अंशांपर्यंत वर चढून खाली आलं तर ८,८१० च्या आसपास. जवळजवळ ५०० किमी वाचतात. सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान वाकडं चाललेलं दिसतं ते या कारणाने.

गणित असं करायचं:

१. दोन्ही अक्षांशांचे साइन घ्या, एकमेकांनी गुणा. हीथ्रो–जेएफकेसाठी ०.७८२३ गुणिले ०.६५१३, आले ०.५०९५.

२. दोन्ही रेखांशांमधला फरक काढा. दोन्ही पश्चिमेचे आहेत म्हणून वजाबाकी, ७३.३३ अंश. एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर बेरीज होते, आणि बेरीज १८० च्या वर गेली तर ३६० मधून वजा करा.

३. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि या फरकाचा कोसाइन, तिन्ही गुणा. ०.६२२९, ०.७५८८ आणि ०.२८६९, आले ०.१३५६.

४. १ आणि ३ ची बेरीज करा, ०.६४५१. याचा कोसाइन इन्व्हर्स घ्या, साधारण ४९.८३ अंश.

५. त्याला १११.१९५ ने गुणा, कारण पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली की ग्रेट सर्कलवरचा एक अंश एवढा पडतो. उत्तर ५,५४० किमी.

सांभाळा: कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना बघा. स्प्रेडशीट मात्र सगळं रेडियन्समध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) समजते, तिथे अंश आधी रेडियन्समध्ये बदलायचे आणि शेवटी आलेल्या उत्तराला थेट ६,३७१ ने गुणायचं, १११ ने नाही.

ताळा: पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर साधारण २०,०१५ किमीच्या वर जाऊच शकत नाही, तो अर्धा परीघ झाला. त्याच्या वर आकडा आला तर गणित चुकलंय किंवा एकक चुकलंय.

एककाचा घोळ वेगळा सांगायला हवा. साधा मैल १.६०९ किमी, नॉटिकल मैल १.८५२ किमी. विमानवाले नॉटिकल मैल वापरतात, वेगासाठी नॉट्स, म्हणजे तासाला नॉटिकल मैल. नुसतं "२,९९० मैल" लिहिलेलं बघून तुम्ही साधे मैल समजलात तर लंडन–न्यूयॉर्क एकदम ४,८०० किमीवर येतं. सरळ १३ टक्क्यांची चूक आहे ही.

आणि दोन वेबसाइट्सवर १०-२० किमीचा फरक दिसला तर डोकं खाजवत बसू नका. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कोणी ध्रुवांपाशी थोडी चपटी, विषुववृत्ताची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाकडची ६,३५७ किमी आहे. त्यातून येणारा फरक अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असतो, वेळेत तो दोन-चार मिनिटं.

पायरी ४: प्रत्यक्ष रूटसाठी अंतर वाढवा

ग्रेट सर्कलचं अंतर हा खालचा आकडा आहे, विमान त्याहून जास्तच उडतं. टेकऑफनंतरचं वळण, उतरायच्या आधीचं वळण, ठरवून दिलेले हवाई मार्ग, ढगांना दिलेला वळसा, सगळं त्यात येतं. आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संस्थेचं कार्बन कॅल्क्युलेटर ५,५०० किमीच्या वरच्या प्रवासाला १२५ किमी वाढवून घेतं आणि ५५० ते ५,५०० मध्ये १०० किमी. मी स्वतः लांबच्या फ्लाइटला सरळ ३ टक्के धरते, तर आपले ५,५४० चे झाले ५,७०० च्या आसपास.

पण काही रूट्सवर ३ टक्क्यांनी काहीच होत नाही. २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपातल्या बहुतेक आणि अमेरिकेतल्या एअरलाइन्सना बंद आहे. हेलसिंकी–टोकियो हे ग्रेट सर्कलने ७,८२० किमी, आणि ती रेषा बहुतांश सायबेरियावरूनच जाते. आधी जी फ्लाइट नऊ-साडेनऊ तासांत व्हायची ती आता तेरा तासांच्या घरात गेली, कारण एकतर उत्तर ध्रुवाच्या बाजूने जावं लागतं किंवा दक्षिणेकडून मोठा वळसा घालून. लंडन–टोकियोचंही तसंच, सुमारे बारा तासांचे चौदा झाले. तेव्हा जुन्या लेखातला किंवा कुणाच्या जुन्या आठवणीतला वेळ अशा रूटला वापरू नका.

दुसरं कारण म्हणजे दोन इंजिनांच्या विमानांना वाटेत कायम ठरावीक मिनिटांच्या आत एखादा पर्यायी एअरपोर्ट गाठता यावा लागतो. सिडनी–सँटियागोचा सर्वात जवळचा मार्ग ६० अंश दक्षिणेच्याही खाली, अंटार्क्टिकाच्या दिशेने जातो, तिथे एअरपोर्ट कुठून आणणार? म्हणून तिथे विमानाचा प्रकार आणि त्याला मिळालेली परवानगी बघून रूट ठरतो.

ताळा: कुठल्याही फ्लाइट ट्रॅकरवर त्या रूटची कालची फ्लाइट उघडून उडालेला मार्ग बघा. ग्रेट सर्कलच्या जवळपास असेल तर ३ टक्के पुरे. मोठा वळसा दिसला तर त्या मार्गावरचे दोन-तीन बिंदू घेऊन तुकड्या-तुकड्याने पायरी ३ परत करा.

पायरी ५: वेग धरा

मोठी लांब पल्ल्याची विमानं, बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५०, साधारण माक ०.८५ ने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने उडतात. त्या उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास थंड असते आणि आवाजाचा वेग तासाला १,०६२ किमी पडतो, त्याचे ०.८५ म्हणजे जवळपास ९०० किमी. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारखं छोटं विमान असेल तर ०.७८ धरा, म्हणजे ८३० च्या आसपास. हा हवेतला वेग आहे, जमिनीवरचा नाही. वारा अजून यायचाय.

पायरी ६: वारा जोडा, जाण्याचा वेगळा आणि येण्याचा वेगळा

ही पायरी गाळली म्हणून बहुतेकांचे हिशोब चुकतात. अंतर दोन्हीकडून एकच असतं, वेळ दोन असतात. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानं नेमकी त्याच उंचीवर असतात. पूर्वेकडे जाताना वारा पाठीमागून मिळतो, पश्चिमेकडे जाताना समोरून, आणि हिवाळ्यात त्याचा जोर जास्त असतो.

समजा सरासरी १०० किमीचा वारा आहे. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना ९०० मधून १०० वजा, ५,७०० भागिले ८००, आले ७.१३ तास. हे ७ तास १३ मिनिटं नाहीत! ०.१३ ला ६० ने गुणा, आठ मिनिटं येतात, म्हणजे ७ तास ८ मिनिटं. येताना ५,७०० भागिले १,०००, ५.७ तास, म्हणजे ५ तास ४२ मिनिटं. एकाच रूटवर जवळजवळ दीड तासाचा फरक पडला.

इथे अजून एक गैरसमज दिसतो की जाताना जे गेलं ते येताना भरून निघतं. निघत नाही. वारा नसता तर दोन्ही वेळा ६ तास २० मिनिटं, एकूण १२:४० झाले असते, वाऱ्यासकट १२:५० होतात. कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता.

वारा कधी किती टोकाला जाऊ शकतो बघायचं असेल तर फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. पण असा आकडा प्लॅनिंगला कधीच धरायचा नाही.

मग सरासरी वारा आणायचा कुठून? सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर तीच फ्लाइट, त्याच दिशेची, गेल्या दहा-पंधरा दिवसांत हवेत किती वेळ होती ते बघणं आणि मधला आकडा घेणं. जुलैमध्ये बसून जानेवारीच्या प्रवासाचा हिशोब करताय तर जुलैचे आकडे चालणार नाहीत, मागच्या जानेवारीचे शोधा.

पायरी ७: जमिनीवरची मिनिटं

तिकिटावरची सुटायची वेळ म्हणजे विमान गेटपासून हलायची वेळ, टेकऑफची नाही. पोचायची वेळ म्हणजे पुढच्या गेटला थांबायची, चाकं टेकायची नाही. या पूर्ण वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. तेव्हा वरच्या उत्तरात चढताना-उतरताना कमी वेगामुळे जाणारी १५-२० मिनिटं आणि दोन्हीकडच्या टॅक्सीची, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांमध्ये विमान जमिनीवर चालतं त्याची, मिळून २० ते ४० मिनिटं घाला. आपण ४५ धरू. लंडन–न्यूयॉर्क झालं ७:५३ आणि परत येताना ६:२७. प्रत्यक्ष वेळापत्रकात साधारण आठ आणि सात तास दिसतात, वरची मिनिटं एअरलाइनने उशिराची सोय म्हणून ठेवलेली असतात.

ताळा: पायरी ३ चं अंतर भागिले ब्लॉक टाइम करून बघा. लांबच्या नॉन-स्टॉप फ्लाइटला हे साधारण ६५० ते ९०० मध्ये बसतं. लंडन–न्यूयॉर्क वेळापत्रकातल्या आठ तासांनी ६९२, सिंगापूर–न्यूयॉर्क १५,३०० किमीच्या वर आणि साधारण पावणेएकोणीस तास, म्हणजे ८२० च्या आसपास. ६०० च्या खाली गेलं तर मोठा वळसा आहे, नाहीतर मध्ये थांबा आहे. १,००० च्या वर आलं तर घड्याळाच्या वेळा थेट वजा झाल्यात.

मध्ये थांबा असेल तर

डायरेक्ट आणि नॉन-स्टॉप एक नाही. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, मध्ये उतरू शकते. प्रत्येक टप्प्याला पायरी १ ते ७ वेगळ्या करा आणि मधला थांबा स्वतंत्र ओळीत लिहा. लोकांना वाटतं थांब्यामुळे अंतर खूप वाढतं, पण ते थांबा कुठे आहे यावर असतं. लंडन–सिंगापूर १०,८८० आणि सिंगापूर–सिडनी ६,२९५, मिळून १७,१७५, थेट अंतराहून फक्त १५५ किमी जास्त. वेळ खातो तो लेओव्हर, म्हणजे मधल्या एअरपोर्टवर थांबायचा वेळ. २०१९ मध्ये क्वांटासने लंडन–सिडनी नॉन-स्टॉप चाचणी उड्डाण केलं तेव्हा १९ तास १९ मिनिटं लागली होती, थांब्यासकट हाच प्रवास सहज बावीस-तेवीस तासांवर जातो.

पायरी ८: आता घड्याळ

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या शहराची स्थानिक असते. पद्धत एकच ठेवा: सुटायची वेळ यूटीसीमध्ये आणा, ब्लॉक टाइम मिळवा, मग पोचायच्या शहराच्या वेळेत न्या. तारीख प्रत्येक ओळीत लिहायची, मनात ठेवायची नाही.

टोकियो–लॉस एंजेलिस, हिवाळ्यात: सोमवारी संध्याकाळी ५ ला निघालात. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणजे सोमवार सकाळी ८ यूटीसी. १० तास मिळवले, सोमवार संध्याकाळी ६ यूटीसी. लॉस एंजेलिस ८ तास मागे, म्हणजे सोमवार सकाळी १०. निघायच्या आधीच पोचलात असं दिसतं, आणि ते बरोबर आहे. परत येताना सोमवारी सकाळी साडेअकराला निघालात: यूटीसी सोमवार १९:३०, त्यात ११ तास ४५ मिनिटं, मंगळवार ०७:१५, टोकियोत मंगळवार दुपारी सव्वाचार. ही दुसरी तारीख घ्यायला येणाऱ्याला वाराच्या नावासकट कळवा.

सांभाळा: डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायची पद्धत. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे लंडन–न्यूयॉर्कमधला फरक एरवी ५ तास असला तरी मार्चमध्ये दोन-तीन आठवडे तो ४ होतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा आठवडाभर ४. सिडनीचं उलटं, तिथे ऑक्टोबर ते एप्रिल घड्याळ पुढे असतं. टोकियो आणि सिंगापूर बदलतच नाहीत. म्हणून तारीख हाताशी ठेवा म्हटलं होतं. सगळे झोन पूर्ण तासाचे पण नसतात, भारत साडेपाच, काठमांडू पावणेसहा, ॲडलेड साडेनऊ.

ज्यांना ठरावीक तासांनी औषध घ्यावं लागतं त्यांनी ही पायरी दोनदा करावी. गोळीचं अंतर शरीरात गेलेल्या तासांवर चालतं, उतरल्यावर भिंतीवर दिसणाऱ्या घड्याळावर नाही. पायरी ७ चा आकडा आणि लेओव्हर एका कागदावर लिहून डॉक्टरांना आधीच दाखवा, ते डोसचं वेळापत्रक त्यावरून बसवून देतात.

उत्तर तिकिटाशी जुळत नसेल तर

१५-२० मिनिटांचा फरक असेल तर सोडून द्या, तो एअरलाइनने धरलेल्या जास्तीच्या मिनिटांचा आहे. बरोबर एका तासाचा असेल तर डेलाइट सेव्हिंग तपासा. बरोबर २४ तासांचा असेल तर तारीख, तिकिटावर वेळेच्या बाजूला बारीक प्लस १ लिहिलेलं असतं ते बघा. तास-दीड तासाचा असेल तर दिशा उलटी धरली गेली का, की वारा विसरलात, हे बघा. आणि तीन-चार तासांचा असेल तर तिकिटातच कुठेतरी लपलेला थांबा आहे किंवा रूट वळसा घालून जातोय, पायरी ४ ला परत जा आणि कालची फ्लाइट नकाशावर उघडा.